धावत्या गाडीतील स्वयंपाकघर

वारंगा फाट्यावर रेल्वे नाही. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा आणि तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा, असे दोन मोठे रस्ते येथे एकत्र येतात. एस.टी. थांबते, प्रवासी उतरतात आणि गरम खिचडीवर ताव मारतात. खिचडीसाठी या फाट्याचे नाव दूरवर झालेले आहे. हॉटेलातील आचाऱ्याला ती करण्यात काही विशेष वाटत नाही. शेगडी जागेवर असते, पाणी हाताशी असते आणि पातेले हलत नाही.

आता विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा की हेच पातेले एका छोट्या, जुन्या आगगाडीच्या डब्यात ठेवले आहे. डबा डुलतो आहे, शेगडी पेटवायला जागा नाही, पाणी मोजके आहे. वाढणारे लोकही पगारी आचारी नाहीत. ते सुटीच्या दिवशी हौसेने आलेले शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आहेत. शंभर प्रवाशांना गरम आणि निर्धोक अन्न द्यायचे आहे. हे कसे साधायचे? जगात अनेक ठिकाणी हा प्रश्न दर आठवड्याला सोडवला जातो, आणि तो सोडवायला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील नियमच उपयोगी पडतात.

हौशी लोकांची रेल्वे

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे आहे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे 686 मिलिमीटर. पाटीच्या दगडाची वाहतूक करण्यासाठी ती 1865 च्या सुमारास बांधली गेली. खाणीचे काम थांबले आणि 1950 साली रेल्वेच्या मालकांचे निधन झाले, तेव्हा ती मोडीत निघणार असे सर्वांना वाटले. पण एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने काही हौशी माणसे एकत्र आली. 14 मे 1951 रोजी त्यांनी स्वतः गाडी चालवली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय.

पण हौसेने कोळसा येत नाही. बाष्पकाची तपासणी, कुजलेले स्लीपर बदलणे, डब्यांना रंग देणे या सर्वांना पैसा लागतो, आणि केवळ तिकिटांवर तो भागत नाही. म्हणून अशा रेल्वे स्थानकावर उपाहारगृह चालवतात, गाडीत जेवण देतात, नाताळात मुलांसाठी खास गाड्या सोडतात. टॅलिलिनच्या शेजारी तर 1984 पासून माणसे आणि आगगाडी यांची शर्यत भरते. धावपटू रुळांच्या जवळच्या शेतांतून धावतात आणि गाडी त्यांच्याबरोबर पळते. तेव्हा चहाचा कप ही येथे किरकोळ बाब नव्हे. त्या कपावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते.

आपल्याकडे याचे महत्त्व शकुंतलेच्या उदाहरणावरून कळते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या 762 मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर 1921 साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत धावत होते. नंतर डिझेल इंजिन आले आणि पुढे गाड्याच थांबल्या. माथेरानची 1907 सालची 610 मिलिमीटर रुंदीची गाडी मात्र टिकून आहे. ती मध्य रेल्वे चालवते. मुंबई–पुणे दख्खनची राणी 1 जून 1930 रोजी सुरू झाली. तिच्यात टेबलखुर्च्यांचा जेवणाचा डबा आहे, आणि तिचे नेहमीचे प्रवासी 1 जूनला पुणे स्थानकावर केक कापून तिचा वाढदिवस साजरा करतात.

शंभर कप चहाचे गणित

एका कपात 150 मिलिलिटर चहा धरला, तर शंभर कपांना 15 लिटर पाणी लागेल. ते 25 अंश सेल्सिअसपासून 100 अंशांपर्यंत तापवायचे आहे. म्हणजे उष्णता 15 × 75 = 1125 किलोकॅलरी, अर्थात सुमारे 4700 किलोजूल. दोन किलोवॅटची विजेची किटली दर सेकंदाला 2 किलोजूल उष्णता देते. तेव्हा तिला सुमारे 2350 सेकंद, म्हणजे 39 मिनिटे लागतील. डब्यातले दिवे लावण्यापुरती वीज देणाऱ्या जनित्राला हा भार झेपणार नाही. म्हणून पाणी स्थानकावरच उकळून उष्णतारोधक पिंपात भरून नेतात.

पण पुढे तर वाफेचे इंजिन उभे आहे! त्याची वाफ का वापरू नये? एक किलो वाफेचे पाणी होताना 540 किलोकॅलरी अप्रकट उष्णता बाहेर पडते. म्हणजे 1125 किलोकॅलरींसाठी दोन किलोच्या आसपास वाफ पुरेल. इंजिनाला ती जाणवणारही नाही. मात्र ही वाफ थेट चहात सोडून चालत नाही, कारण बाष्पकाच्या पाण्यात गंज आणि क्षार रोखणारी रसायने घातलेली असतात. वाफ वेटोळ्या नळीतून नेऊन बाहेरून पाणी तापवावे लागते. उष्णता घ्यायची आणि पदार्थ दूर ठेवायचा, असा हा प्रकार आहे. इंजिनावरचे लोक कधीकधी याहून सोपा मार्ग धरतात. धुऊन लख्ख केलेल्या फावड्यावर अंडे फोडतात आणि फावडे क्षणभर भट्टीच्या तोंडाशी धरतात. तापलेल्या लोखंडावर अंडे बघता बघता तळून निघते.

पातेले का हिंदकळते?

गाडीने ब्रेक लावला की चहा पुढे का उसळतो? जडत्वामुळे, हे तुम्ही सांगालच. पण किती उसळतो? गाडीचा वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद या दराने कमी होत असेल, तर चहाचा पृष्ठभाग तिरका होतो. त्याचा उतार म्हणजे ही गतिमंदता भागिले गुरुत्वत्वरण, म्हणजे 1 भागिले 9.8, सुमारे एक दशांश. आठ सेंटिमीटर व्यासाच्या कपात मध्यापासून काठ 4 सेंटिमीटर दूर असतो, म्हणून काठाशी चहा 4 मिलिमीटर चढतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात मात्र तो 2 सेंटिमीटर चढेल! भांडे जितके रुंद, तितका काठ जास्त रिकामा ठेवायला हवा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. प्रत्येक भांड्यातील द्रवाची हिंदकळण्याची स्वतःची कंप्रता असते, म्हणजे एका सेकंदात तो किती वेळा पुढेमागे होतो याचा आकडा ठरलेला असतो. आपल्या कपासाठी हा आकडा 3.4 च्या जवळपास येतो, तर 20 सेंटिमीटर भरलेल्या मोठ्या पातेल्यासाठी सुमारे दीड. स्प्रिंगांवर बसवलेला रेल्वेचा डबाही सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डुलतो. दोन्ही आकडे जुळले की झोका वाढत जातो. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो, तसेच येथे घडते. याला अनुस्पंदन म्हणतात. त्यामुळे कपातील चहा शांत असताना शेजारच्या पातेल्यातील कढी सांडू शकते!

उपाय या नियमांतूनच निघतात. एका रुंद पातेल्याऐवजी झाकणाचे अनेक अरुंद, उंच डबे वापरतात. भांडी कडेच्या पट्टीत अडकवून ठेवतात. इंधनाच्या अनेक टँकरमध्ये आडव्या पत्र्यांचे कप्पे असतात, तेही लाट वाढू नये म्हणूनच. सराईत वाढपी गुडघे किंचित वाकवून चालतो, तेव्हा त्याचे पाय स्प्रिंगांचे काम करतात.

साठ आणि पाच

चहा सांडला तर कपडे खराब होतात. अन्न बिघडले तर माणूस आजारी पडतो, आणि खास गाडीत शंभर लहान मुले असली तर शंभरही आजारी पडतील. स्वयंसेवकांची भावना चांगली होती, एवढ्याने जंतू थांबत नाहीत. म्हणून गाडीतील स्वयंपाकघरात दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली असावे. यांच्या मधल्या तापमानात अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये.

का बरे? अनुकूल स्थितीत अनेक जीवाणूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. चार तासांत बारा वेळा दुप्पट म्हणजे 4096 पट. सुरुवातीला हजार जीवाणू असतील, तर चार तासांनी ते चाळीस लाखांवर जातील. भाताच्या पदार्थांना तर विशेष धोका असतो. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू पाणी उकळले तरी जिवंत राहतात. भात सावकाश निवत असताना ते रुजतात, जीवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतले उलटी आणणारे विष अन्न पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणजे "परत गरम केले की झाले" ही समजूत चुकीची आहे.

मग उरलेली खिचडी लवकर थंड कशी करायची? येथे भूमिती मदतीला येते. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्यात आठपट खिचडी मावते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चारपटच होतो. मोठे पातेले सावकाश निवते ते यामुळे. वाढताना हा गुण ठरतो, साठवताना तोच दोष होतो. म्हणून वाढायची खिचडी मोठ्या झाकलेल्या पातेल्यात ठेवावी आणि उरलेली उथळ परातीत पसरून लगेच थंड करावी.

नांदेडची सेवा

आपल्याकडे स्वयंसेवकांनी चालवलेली रेल्वे नसेल, पण स्वयंसेवकांनी रेल्वेत जेवण देण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. नांदेड आणि अमृतसर यांना जोडणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांना वाटेतील काही स्थानकांवर सेवेकरी विनामूल्य लंगर देतात. कढी-भात, छोले, वरण, भाजी, कधी खिचडी. प्रवासी आपली ताटवाटी बरोबर घेऊनच निघतात, त्यामुळे भांडी धुण्याचा प्रश्न मिटतो.

वेळेचे गणित पाहा. समजा डब्यात 72 प्रवासी आहेत आणि गाडी 10 मिनिटे, म्हणजे 600 सेकंद थांबणार आहे. एकच वाढपी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला 8 सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ येतो. चार वाढपी, दोन दारांशी दोन-दोन, असतील तर 33 सेकंद मिळतात. आता गाडी दोन तास उशिरा आली तर? अन्न तयार आहे, पण ते 60 अंशांखाली जाता कामा नये. म्हणून शहाणा माणूस घड्याळाकडे पाहून नव्हे, तर गाडी मागचे स्थानक सोडते तेव्हा शेवटची फोडणी देतो. स्वयंसेवकांच्या वारसा-रेल्वेतही हाच नियम लागू पडतो. खास गाड्यांची तिकिटे आधी विकतात, त्याचे कारणही हेच. किती ताटे लागणार हे आदल्या दिवशी कळले की अन्न उरत नाही आणि कमीही पडत नाही.

करून पाहा

एक परात आणि एक पेला घ्या. दोन्हींत पाणी भरा. दोन्ही आळीपाळीने टेबलावर ठेवून टेबल हळूच पुढेमागे हलवा. कोणत्या गतीला परातीतले पाणी सर्वांत जास्त हिंदकळते आणि त्याच गतीला पेल्यातले किती, ते टिपून ठेवा. मग परातीत मधोमध पुठ्ठ्याची आडवी पट्टी उभी धरून पुन्हा करा.

दुसरा प्रयोग गरम पाण्याचा आहे, म्हणून तो घरातील मोठ्या माणसांसमोर करा. सारखेच गरम पाणी एका लोट्यात आणि एका ताटात ओता. दर पाच मिनिटांनी तापमापीने मोजून आलेख काढा. 60 अंशांची रेषा कोणते भांडे आधी ओलांडते?

आणि एक गणित तुमच्यासाठी. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 300 मुलांना अर्ध्या तासात जेवण वाढायचे आहे. एका मुलाला वाढायला 20 सेकंद लागत असतील, तर किती जणांनी वाढायला उभे राहावे? उत्तर काढा आणि ते संमेलनाच्या आधी तुमच्या गुरुजींना दाखवा.