टेबल नेमकं कुठे आहे? घरून काम आणि क्लाउडमधला डेस्कटॉप

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला संगणकावर बोलायला का बोलावलं, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण माझी सून आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पुण्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसचं काम करते. तिच्यामुळे माझी या विषयाशी ओळख झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीची चाहूल लागली, तेव्हा त्या ऑफिसातल्या लोकांनी संगणक रिक्षात घालून घरी नेले. एकाने लॅपटॉप गावी, चिपळूणला नेला. २२ जुलै २०२१ला पूर आला आणि त्यात तो गेला. माणसं वाचली, हे महत्त्वाचं. पण क्लायंटच्या हिशेबांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यानंतर ऑफिसाने डेस्कटॉप क्लाउडमध्ये नेले.

म्हणजे काय केलं? मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आता आपण विचारू, डेस्कटॉप म्हणजे काय? समोरचा पडदा? की-बोर्ड? की आतली डिस्क? आजवर हे सगळं एकाच ठिकाणी असे, म्हणून हा प्रश्न पडत नव्हता. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये पडदा आणि की-बोर्ड तुमच्यापाशी राहतात. प्रोसेसर आणि डिस्क दूरच्या डेटा सेंटरमध्ये. इकडून बोटांचे ठोके जातात, तिकडून चित्र येतं. लॅपटॉप बुडाला तर खिडकी गेली, टेबल शाबूत. वीज किंवा इंटरनेट गेलं तर काम थांबतं हे खरं. पण पुन्हा जोडलात की अर्धवट टाइप केलेलं वाक्य बहुधा तसंच सापडतं.

ही व्यवस्था उभी करताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली, जागा. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेचा पूर्व किनारा बारा हजार किलोमीटरांहून जास्त दूर. जाऊन यायला किमान १२० मिलीसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, म्हणजे त्याहून जास्तच. अक्षर उमटायला असा उशीर होत राहिला की माणूस दिवसभरात वैतागतो. म्हणून काम करणारे जिथे आहेत, त्याच्या जवळचं केंद्र निवडावं. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं पुण्यात आहे, ॲमेझॉनचं मुंबईत.

दुसरी, यंत्र सामायिक की स्वतंत्र? सामायिक पद्धतीत एका यंत्रावर अनेकजण बसतात, ते स्वस्त पडतं. गंमत अशी, की रोज वेगळं यंत्र मिळालं तरी आपलं टेबल आपलंच दिसतं. कारण प्रत्येकाच्या सेटिंग्ज आणि फायली, म्हणजे प्रोफाइल, वेगळ्या जागी ठेवलेली असते; लॉग-इन केलं की ती यंत्राला जोडली जाते. ज्याला स्वतःची वेगळी सॉफ्टवेअर टाकावी लागतात, त्याला मात्र स्वतंत्र यंत्र द्यावं.

तिसरी, पैसा. अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये यंत्र जितका वेळ चालू, तितकं भाडं. खिडकी बंद केली म्हणजे यंत्र थांबलं, असं नाही बरं का! रात्री ती आपोआप बंद होतील अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. विंडोज ३६५मध्ये माणशी ठरलेली मासिक रक्कम असते. तिथे हिशेब सोपा.

चौथी, दार. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नये. पासवर्डबरोबर फोनवरची दुसरी पडताळणी सक्तीची हवी. इथलं कॉपी करून घरच्या संगणकावर नेता येईल का, पेनड्राइव्ह, प्रिंटर चालतील का, हेही ठरवावं.

आणि आता मला मुख्यतः जे सांगायचं आहे ते. त्याच ऑफिसातल्या एका मुलीने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिचं खातं बंद झालं. नियमाने बरोबरच होतं. पण आईच्या उपचारांचे कागद तिने त्याच डेस्कटॉपवर ठेवले होते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. कागद मिळायला चार दिवस गेले. तिची चूक काय? टेबल घरात होतं, म्हणून तिला ते घरचं वाटलं.

पूर्वी ऑफिसाचा उंबरठा पायाला लागायचा. आता तो दिसत नाही. म्हणून तो शब्दांत आखावा लागतो. व्यवस्था सुरू करण्याआधी एक पानभर मराठीत लिहून द्या: इथे खाजगी काही ठेवू नका, लॉग-इनच्या कुठल्या नोंदी राहतात, त्या कोण पाहतो, आणि सोडून जाणाऱ्याला आपले कागद किती दिवसांत मिळतील. बाकी सगळं तंत्रज्ञ करून देतील. हे एक पान मालकानेच लिहायचं आहे.