कळपात पुढे कोण?
कळपाला एकच म्होरक्या लागतो, हा समज घोड्यांनी खोटा ठरवला आहे. इटलीतल्या मोकाट घोड्यांचा अभ्यास करून कॉन्स्टान्झ क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की निघताना पहिले पाऊल कळपातला कोणीही टाकतो. मानाच्या घोड्यामागे मात्र इतर जास्त वेळा जातात. चाकणच्या पट्ट्यात ज्या असेंब्ली लाईनवर अँडनची, म्हणजे अडचण दिसताच ओढून कळवायची, दोरी आहे, तिथेही पहिले पाऊल कोणीही टाकू शकायला हवे: बोल्ट ढिला दिसला, कंत्राटी हेल्परने दोरी ओढली, दिवा पेटला, लीडर धावत आला. ओव्हरटाइम जाईल या धास्तीने हात कचरला, तर ती दोरी नुसतीच लोंबकळते. सुपरवायझर मंडळी, दोरी ओढणाऱ्याला आधी शाबासकी द्या, मग कारण विचारा.