पाचशे डॉलरच्या गाडीत पन्नास अंश

विकत घेतल्यापासून छळणाऱ्या, सतत बिघडणाऱ्या गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात. फ्रान्समधील ल माँ या गावी १९२३पासून होणारी चोवीस तासांची मोटार शर्यत जगप्रसिद्ध आहे. तिच्या नावावर कोटी करून २००६ साली कॅलिफोर्नियात '२४ अवर्स ऑफ लेमन्स' ही हौशी लोकांची शर्यत सुरू झाली. मुख्य अट अशी, की गाडी पाचशे डॉलरच्या आत उभी राहिलेली असावी. सुरुवातीच्या वर्षांत स्पर्धकांच्या मतदानाने एखादी नकोशी गाडी निवडून ती चक्क चिरडली जात असे आणि बक्षिसाची रक्कम पाच सेंटच्या नाण्यांत मोजून दिली जाई. सगळा मामला गमतीचा. एका गोष्टीत मात्र गंमत नाही. चालकाच्या सुरक्षेसाठी केलेला खर्च त्या पाचशे डॉलरमध्ये धरत नाहीत. त्यामुळे अनेकदा गाडीपेक्षा चालकाच्या अंगावरचे सामान महाग असते.

नावात चोवीस तास असले, तरी बहुतेक वेळा शनिवार-रविवार मिळून चौदा-पंधरा तास गाडी पळते. एका टीममध्ये चार ते सहा जण असतात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी घरोघरी वायरिंगची कामे करतो, कोणी आठवडाभर संगणकासमोर बसलेला असतो. चाळिशी-पन्नाशीचे लोकही पुष्कळ. गाडी बरेचदा माझ्दा मियाटा. १९८९ साली आलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार जेमतेम साडेनऊशे किलो वजनाची, १.६ लिटर इंजिनाची आणि दुरुस्तीला सोपी. टीम तिचे गालिचे, आतले कापड, एसी, मागची डिकी असे सगळे उपसून काढते, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्डिंगने बसवते, सायलेन्सर बदलते आणि प्रत्येक जण पाळीपाळीने दीड-दोन तास ती चालवतो.

अशा शर्यतीत माणसाला काय होऊ शकते, असे विचारले तर कोणीही 'अपघात' म्हणेल. पण या हौशी मंडळींना पिटमध्ये जास्त वेळा गाठणारे दुखणे वेगळे आहे. ते धडक न होताच येते.

मियाटातला एसी वजन कमी करण्यासाठी काढलेला असतो. इंजिन आणि चालकाचे पाय यांच्यामधील पत्र्यावरचे उष्णतारोधक अस्तरही बरेचदा गेलेले असते. गिअरबॉक्स मांडीला लागून. बाहेर ३५ अंश असले, की आत पन्नासच्या आसपास पारा जातो. चंद्रपूर-अकोल्याच्या वाचकाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण तिथला शेतकरी सुती सदरा घालतो आणि दुपारी झाडाखाली बसतो. इथे चालकाच्या अंगावर आगीला दाद न देणाऱ्या नोमेक्स कापडाचा दोन-तीन थरांचा पूर्ण झगा, आत त्याच कापडाचे अंतर्वस्त्र, डोक्यावर टोपडे, त्यावर हेल्मेट, हातमोजे आणि बूट. घाम येतो, पण सुकत नाही. घाम सुकला तरच शरीर थंड होते; नुसता गळणारा घाम म्हणजे वाया गेलेले पाणी.

मग शरीर दुसरा मार्ग धरते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवते. त्याच वेळी स्टिअरिंग घट्ट धरलेले हात, ब्रेकवर जोर देणारा पाय आणि वळणावर डोके सरळ ठेवू पाहणारी मान यांनाही रक्त हवे असते. हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या पुढे जातात आणि तासभर तसेच राहतात. बसून केलेल्या कामात इतके ठोके का, असे पूर्वी लोकांना वाटे आणि सगळे श्रेय उत्तेजनेला दिले जाई. उत्तेजना असतेच. पण त्यात मोठा वाटा उष्णतेचा आणि स्नायूंच्या कष्टाचा असतो.

तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम सहज जातो. सत्तर किलोच्या माणसाने दीड लिटर पाणी गमावले, की शरीराच्या वजनाच्या दोन टक्के गेले. साधारण याच टप्प्याला लक्ष विचलित व्हायला लागते. धोका असा, की हे चालकाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटते, आपण झकास चालवत आहोत. कडेला उभे राहून घड्याळ लावणाऱ्या मित्राला मात्र दिसते, की फेरीचा वेळ एकदा दोन सेकंदांनी कमी, एकदा तीन सेकंदांनी जास्त असा हेलकावतो आहे. ब्रेक लावण्याची जागा दर फेरीला बदलते आहे. अनुभवी टीम म्हणूनच रेडिओवर 'बरा आहेस ना' असे विचारत बसत नाही. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. त्या विचारतात : पेट्रोलचा काटा कुठे आहे, इंजिनाचे तापमान किती, पुढची गाडी कोणत्या रंगाची? उत्तर उशिरा आले, जड जिभेने आले किंवा चिडून आले, तर गाडी आत बोलावतात. पैसे भरून, रजा टाकून आलेल्या मित्राला 'उतर' म्हणणे सोपे नसते. सगळ्या टीममध्ये हे काम ज्याच्याकडे असते, तोच बहुधा सर्वांत अप्रिय आणि सर्वांत उपयोगी माणूस.

उष्णतेवर उपाय म्हणून थंड पाण्याचा सदरा मिळतो. बनियनवर बारीक नळ्या शिवलेल्या असतात, शेजारी बर्फाची पेटी आणि छोटा पंप. तो चालतो तोवर उत्तम. मात्र पेटीतला बर्फ वितळला, की तोच पंप गरम पाणी छातीवरून फिरवायला लागतो. पंप बंद पडला, तर पाण्याने भरलेल्या नळ्यांची गोधडी अंगावर राहते. म्हणजे ज्याच्या भरवशावर चालक आत जास्त वेळ बसला, तेच साधन उलटते. बर्फ किती वेळ टिकतो हे शर्यतीच्या दिवशी नव्हे, आदल्या आठवड्यात घरी बघायचे असते.

पाण्याबाबत आणखी एक गफलत होते. दिवसभर नुसते साधे पाणी ढोसत राहिले आणि घामातून गेलेले मीठ परत आले नाही, तर रक्तातील सोडियम घसरते. डोके दुखते, मळमळते, माणूस बरळतो. तेव्हा त्याला आणखी पाणी पाजणे म्हणजे आगीत तेल. आपल्याकडे प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची पुडी अशा ठिकाणी रंगीत, महागड्या पेयांपेक्षा कमी नाही.

आणि चालक उतरल्यावर लगेच उभा राहून मित्रांना टाळ्या देऊ लागला, तर पाचव्या मिनिटाला तो खाली बसण्याची शक्यता असते. त्वचेत आणि पायांत साचलेले रक्त उभे राहताच हृदयाकडे परत येत नाही, रक्तदाब कोसळतो. हे तात्पुरते, आडवे केले, पाय उंच केले, की सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलत असेल, तोल जात असेल आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजायचा. तिथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. कपडे उतरवायचे आणि आहे त्या जागी बर्फाच्या पाण्याने थंड करायला लागायचे. आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा, हा क्रम खेळाच्या वैद्यकशास्त्रात आता पक्का आहे. रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे फुकट घालवणे मेंदूला आणि मूत्रपिंडांना महाग पडते.

डोके दुखणे, मळमळ, गोंधळ ही लक्षणे आणखी एका कारणाने येतात आणि ते कारण सुधारलेल्या गाडीतच लपलेले असते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कमी घातक वायूत करण्याचे काम सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. गाडी जोरात पळावी म्हणून बरेच जण तोच आधी काढतात. मग नळी आखूड करून बाजूने बाहेर काढतात, वेल्डिंगला बारीक चीर जाते, जमिनीच्या पत्र्याला जुनी भोके असतात. शिवाय पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. पुढच्या गाडीला चिकटून चालवताना तिचाही धूर नाकात जातोच.

या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते. अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींत वर्षानुवर्षे धावलेला रिक मास्ट हा चालक २००२मध्ये आजारी पडला. दीर्घकाळ कार्बन मोनॉक्साइड अंगात जात राहिल्याचे निदान झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली. हौशी चालक वर्षातून पाच-सहा वेळाच पळतो, हे खरे. पण त्याच्या गाडीची तपासणीही तितकीच हौशी असते.

इथे एक सापळा आहे आणि तो घराघरांत आहे. कोविडनंतर पल्स ऑक्सिमीटर सर्वांच्या कपाटात आला. चक्कर आलेल्या चालकाच्या बोटाला तो लावला, तर आकडा ९८-९९ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण साधा ऑक्सिमीटर फक्त रक्ताचा लाल रंग मोजतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिनही तसेच लाल दिसते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. रक्त काढून खास तपासणी केली तरच कळतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, तर सुमारे दीड तासात काम होते. म्हणून संशय आला, तर आकड्याकडे न बघता ऑक्सिजन सुरू करायचा. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळ करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता धडकेकडे. रस्त्यावरच्या गाडीतला पट्टा एकाच खांद्यावरून जातो. धडकेत धड थोडे पुढे झुकते आणि एअरबॅग डोके झेलते. शर्यतीच्या गाडीत पाच-सहा पट्टे दोन्ही खांदे, कंबर आणि जांघा आसनाला जखडून टाकतात. धड जागचे हलत नाही. डोके मात्र हेल्मेटच्या वजनासकट पुढे जातच राहते. सगळा ताण जिथे मान कवटीला मिळते तिथे येतो आणि कवटीचा तळ फाटतो. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही.

१९८१ साली पॅट्रिक जॅकमार हा चालक अमेरिकेतील मिड-ओहायो ट्रॅकवर असाच गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः शर्यतीत पळणारा. त्याचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या यांत्रिकीचे प्राध्यापक. दोघांनी मिळून खांद्यांवर, पट्ट्यांखाली बसणारी एक ताठ कॉलर तयार केली. हेल्मेट दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांनी तिला बांधलेले. डोके आणि धड एकत्र थांबतात. तिचे नाव 'हॅन्स'. कित्येक वर्षे व्यावसायिक चालकांनी ती अवघडते म्हणून नाकारली. फेब्रुवारी २००१मध्ये डेटोना येथे डेल अर्नहार्टसारखा मोठा चालक कवटीचा तळ फुटून गेला, तेव्हा त्याच वर्षी नॅस्कारने असे साधन सक्तीचे केले. फॉर्म्युला वनने २००३मध्ये. आज बहुतेक हौशी शर्यतींतही ती असल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत.

हेल्मेटची गोष्टही हौशी माणसाचीच आहे. १९५६ साली पीट स्नेल हा हौशी चालक कॅलिफोर्नियात उलटलेल्या गाडीत दगावला. त्याच्या हेल्मेटने त्याला वाचवले नाही. त्याच्या मित्रांनी, त्यात जॉर्ज स्नायव्हली नावाचे डॉक्टर होते, पुढच्या वर्षी त्याच्या नावे संस्था काढली आणि हेल्मेट फोडून, आपटून तपासायला सुरुवात केली. आपल्याकडेही काही महागड्या हेल्मेटवर 'स्नेल'चा शिक्का दिसतो, तो याच पीट स्नेलचा. मोटारसायकलच्या आणि मोटारीच्या हेल्मेटचे शिक्के मात्र निराळे. मोटारीच्या हेल्मेटला आगीची आणि पिंजऱ्याच्या नळीवर आपटण्याची परीक्षा द्यावी लागते.

आगीबद्दल थोडक्यात. झगा आग थांबवत नाही, वेळ देतो. एक थराच्या साध्या झग्यात दुसऱ्या दर्जाचा भाजल्याचा चट्टा उठायला साधारण तीन सेकंद लागतात, दोन-तीन थरांच्या झग्यात सुमारे दहा. म्हणूनच टीम घरी पट्टे सोडून दारातून बाहेर पडण्याचा सराव डोळे मिटून करते. आणि पेट्रोल भरताना इंजिन बंद, चालक बाहेर, शेजारी अग्निशामक घेऊन एक जण उभा.

भारतातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई, कोइम्बतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट येथे स्वतःची गाडी घेऊन जाणारे हौशी लोक वाढत आहेत. पुण्या-मुंबईचे कित्येक तरुण त्यासाठी रात्रभर प्रवास करून पोचतात. रात्रभर गाडी चालवून पोचायचे आणि सकाळी चेन्नईच्या दमट हवेत ट्रॅकवर उतरायचे, हा बेत डॉक्टराच्या नजरेतून वाईटच. झोप अपुरी, पाणी आधीच कमी.

त्याहून काळजी वाटते ती अर्धवट बदलांची. शर्यतीच्या गाडीसारखे दिसावे म्हणून रोजच्या गाडीत चार टोकांचे पट्टे लावतात, पण ताठ कॉलर नसते. किंवा आत पोलादी पिंजरा बसवतात आणि बिनहेल्मेटचे बाजारात जातात. ट्रॅकवर हेल्मेट घातलेल्या चालकाला जी नळी वाचवते, तीच नळी रस्त्यावर उघड्या डोक्यापासून चार बोटांवर असते. साध्या धडकेत, जिथे कंपनीच्या पट्ट्याने आणि एअरबॅगने नुसत्या खरचटण्यावर निभावले असते, तिथे कपाळ तिच्यावर आदळते. असा पिंजरा बसवलेली गाडी ट्रॅकवर ट्रेलरवरून न्यायची असते. अमेरिकेतील अनेक टीम तेच करतात; दिवसभर पळून दमलेल्या चालकालाही मग घरी परतताना स्टिअरिंग धरावे लागत नाही, दुसऱ्या कोणाची तरी पाळी असते.