कॅप्स लॉक चालू आहे, हे प्रोग्रामला कसे कळते?

पासवर्ड टाइप करताना ‘कॅप्स लॉक चालू आहे’ अशी सूचना झळकते, तेव्हा ती माहिती कीबोर्डच पुरवतो असा समज होतो; प्रत्यक्षात यूएसबी कीबोर्ड कोणत्या कळा दाबलेल्या आहेत एवढेच कळवतो, आणि लॉकची नोंद ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणारी प्रणाली, स्वतःकडे ठेवून कीबोर्डवरील दिवा लावण्याचा हुकूम उलट धाडते. विंडोजमधील ‘गेटकीस्टेट’ हे फंक्शन एकाच उत्तरात दोन गोष्टी सांगते: सर्वांत वरचा बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारे घर, कळ दाबलेली आहे का हे दाखवतो, तर सर्वांत खालचा बिट लॉकची स्थिती दाखवतो. या दोहोंत गल्लत सहज होते. कळ किती वेळा दाबली हे प्रोग्रामने स्वतः मोजणे तर व्यर्थच, कारण दुसरी विंडो पुढे असताना दाबलेली कळ त्याच्या हिशेबात सहसा येत नाही. म्हणून आपली विंडो पुढे येताच प्रोग्रामने प्रणालीला नव्याने विचारावे.