उज्जयिनीतला वेडा

भर दुपार. उज्जयिनीतल्या एका देवळाजवळ तिघांचा मोदकांवरून तंटा चालला आहे. एक वेडा, एक खादाड भिकारी आणि मध्ये पडलेला एक बौद्ध भिक्षू. पाहणाऱ्याला हसू यावं असाच सगळा प्रकार. आसपास कुणी नाही अशी खात्री पटल्यावर तिघंही अग्निगृहात शिरतात आणि तिथे त्यांची भाषाच पालटते. वेडा म्हणजे वत्सदेशाचा मंत्री यौगंधरायण, भिकारी म्हणजे विदूषक वसंतक आणि भिक्षू म्हणजे दुसरा मंत्री रुमण्वान. त्यांचा राजा उदयन याच नगरात प्रद्योत महासेनाच्या कैदेत आहे. त्याला सोडवायला ही माणसं शत्रूच्या राजधानीत वेष पालटून राहिली आहेत.

संस्कृत नाटककार भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायण' या नाटकाचा हा तिसरा अंक. हेरकथा म्हटली की आपलं मन लंडन-बर्लिनकडे धावतं, नाहीतर गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले यांच्याकडे. बाराशेहून अधिक रहस्यकथा लिहिणारे नाईक नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडनंतर मराठी वाचकाला इतकं झपाटून टाकणारा लेखक क्वचितच झाला असेल. वाचनालयातून ही पातळ पुस्तकं नेऊन एका बैठकीत संपवणाऱ्या पिढ्यांना आपण कधी नीट दाद दिली नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यांची आवड उथळ नव्हती. तिची मुळं थेट भासापर्यंत जातात.

भासानं काय केलं पाहा. उदयन आणि प्रद्योताची मुलगी वासवदत्ता ही संस्कृत साहित्यातली गाजलेली प्रेमिकांची जोडी. अवंतीतली म्हातारी माणसं उदयनाच्या गोष्टी सांगण्यात तरबेज असल्याचा उल्लेख कालिदासानंही 'मेघदूता'त केला आहे. पण या नाटकात उदयन आणि वासवदत्ता एकदाही रंगमंचावर येत नाहीत. राजा कैदेत, राजकन्या महालात; समोर वावरतात ती त्यांच्यासाठी धडपडणारी माणसं. हेराला नायक करण्याचा इतका धीट निर्णय मला दुसऱ्या कुठल्याही जुन्या नाटकात दिसत नाही.

कथा सुरू होते ती एका फसवणुकीनं. उदयनाला हत्ती पकडण्याचा नाद. प्रद्योताची माणसं नागवनात निळा हत्ती असल्याची आवई उठवतात. राजा मोजक्या माणसांनिशी जातो. हत्ती खोटा, आत सैनिक. धम्मपदाच्या पाली टीकेत हीच गोष्ट आहे आणि तिथे लाकडी हत्तीच्या पोटात साठ माणसं दडलेली आहेत. सातव्या शतकाच्या सुमारास भामह या साहित्यशास्त्रज्ञानं या प्रसंगावर आक्षेप घेतला: हत्तींचा जाणकार राजा खोट्या हत्तीला भुलेल कसा? हेरकथेतल्या कच्च्या दुव्यावर बोट ठेवणारी आपल्याकडची ही फार जुनी समीक्षा. आक्षेप वाजवी आहे, पण मला भासाची बाजू पटते. माणूस फसतो तो आपल्या सर्वांत लाडक्या छंदापाशीच, आणि प्रद्योताच्या हेरांनी उदयनाचा तो छंद अचूक हेरला होता.

यौगंधरायणाची योजना तयार असते. प्रद्योताच्या नलागिरी हत्तीला बिथरवायचं, त्याला आवरायला कैदी राजाला बाहेर काढावंच लागेल, आणि त्याच हत्तीवरून तो पळेल. तेवढ्यात वसंतक बातमी आणतो की राजा प्रेमात पडला आहे. वासवदत्तेला सोडून तो येणार नाही. ज्याच्यासाठी मंत्र्यानं वेड पांघरलं, त्यालाच सुटकेची घाई नाही! राजाला सोडवण्याची प्रतिज्ञा आधीच केलेला यौगंधरायण मग दुसरी प्रतिज्ञा करतो: राजा, त्याची घोषवती वीणा आणि राजकन्या, सगळ्यांनाच नेईन.

चौथ्या अंकात भद्रवती हत्तिणीचा माहूत गात्रसेवक दारूच्या नशेत झिंगताना दिसतो. हत्तिणीचा साज त्यानं गुत्त्यात गहाण टाकला आहे. ती शुद्ध बतावणी. भद्रवती राजा आणि राजकन्येला घेऊन पसार झाल्याची ओरड होते, आणि कळतं की हा माहूत वत्सराजाचाच माणूस. असे कितीतरी जण नगरात पेरलेले होते.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात संन्यासी, व्यापारी, शेतकरी, भिक्षुणी अशा वेषांतल्या गूढपुरुषांची रीतसर वर्गवारी आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी, असा नियमही आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी भाषांतर आणि विवेचन असे तीन खंड सिद्ध केले. विलक्षण गोष्ट अशी की अर्थशास्त्र आणि भासाची नाटकं जवळपास एकाच वेळी उजेडात आली. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये आली आणि १९०९ मध्ये छापली गेली. त्याच सुमारास त्रावणकोरात टी. गणपतिशास्त्री यांना मलयाळम लिपीतल्या ताडपत्रांवर ही नाटकं सापडली. १९१२ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. एकूण तेरा नाटकं, आणि त्यांत कुठे कर्त्याचं नाव नाही. ती सगळी भासाचीच का, हा वाद अजून मिटलेला नाही.

हेरकथेचं आकर्षण पाठलागात आहे, असं सहसा म्हटलं जातं. माझ्या मते ते आहे दाखवता न येणाऱ्या निष्ठेत. 'स्वप्नवासवदत्त' हे भासाचं दुसरं नाटक त्याची साक्ष देतं. तिथे यौगंधरायण राज्याच्या हितासाठी वासवदत्ता जळून मेल्याची बातमी पसरवतो आणि उज्जयिनीच्या या राजकन्येला 'आवंतिका' या खोट्या नावानं, ज्या पद्मावतीशी उदयनाचं लग्न व्हायचं तिच्याच घरी ठेवतो. स्वतःच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची माळ तिला गुंफावी लागते, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. जॉन ल कारे यांनी ब्रिटिश गुप्तचर खात्यात काम केलं होतं. त्यांच्या १९६३ च्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'मध्ये हेराला त्याचीच माणसं वापरून टाकतात. भासाकडे तसा विश्वासघात नाही, पण किंमत तीच.

पहिल्या नाटकाच्या शेवटी मागे लढत राहिलेला यौगंधरायण पकडला जातो. प्रद्योताचा मंत्री भरतरोहक त्याला जाब विचारतो, दोघांचा कडवा वाद होतो. आणि मग प्रद्योत त्याचा सोन्याची झारी देऊन सन्मान करतो. मुलीचं आणि उदयनाचं लग्न त्यांच्या चित्रांमध्ये लावून देतो.

मोदकांचा तो अंक केरळच्या कूडियाट्टम या नाट्यपरंपरेत 'मंत्रांकम्' म्हणून टिकला. विदूषक तो तब्बल ४१ दिवस रंगवतो. नाटकातली उज्जयिनी म्हणजे आजचं उज्जैन. तिथे गढकालिकेजवळच्या टेकाडांत १९५०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा प्राचीन नगराचा मातीचा प्रचंड तट आणि खंदक सापडला. त्याच उज्जैनला कार्तिकात कालिदास समारोह भरतो. तिथे एखाद्या मराठी नाट्यसंस्थेनं यौगंधरायणाला घेऊन जावं. शिंद्यांच्या या जुन्या राजधानीत तो अंक मराठीतून रंगवावा, आणि प्रयोग भर दुपारी ठेवावा.