पौर्णिमेनंतरचा रविवार

२०२४ साली सोमवारी धुळवड झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती गुरुवारी, २ एप्रिलला, आणि ईस्टर पाठोपाठच्या रविवारी, ५ एप्रिलला. नाताळ २५ डिसेंबरवरून हलत नाही. ईस्टर मात्र २२ मार्च ते २५ एप्रिल या पस्तीस दिवसांत कुठेही येतो, पण येतो तो फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमा उलटल्यावरच. ख्रिस्ती श्रद्धेतला हा सर्वांत मोठा सण चंद्राला बांधलेला आहे, आणि त्या गाठीपायी जगाचं कॅलेंडर बदललं!

गाठ पडली ती इजिप्तमध्ये. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गुलामगिरीतल्या इस्राएली लोकांना आज्ञा होते: महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी कोकरू कापा, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा, मांस भाजून कडू भाजी आणि बेखमीर भाकरीबरोबर खा. खायचं तेही कंबर कसून, पायांत वहाणा घालून, हातात काठी घेऊन. पीठ फुगायलाही वेळ नव्हता, इतकी घाई. रक्ताची खूण असलेलं घर मृत्यू ओलांडून जाईल, असं वचन होतं. या सुटकेची आठवण म्हणजे ज्यूंचा वल्हांडण सण. त्यांचा महिना नव्या चंद्रकोरीपासून सुरू होतो, म्हणजे चौदावी-पंधरावी रात्र पौर्णिमेची. सण वसंतातच राहावा म्हणून त्यांच्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात महिने जास्तीचे धरतात. आपल्या अधिक मासामागचा हिशेबही हाच, कारण एकोणीस सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ तंतोतंत जुळतात.

इ. स. ३०च्या सुमारास याच सणासाठी जेरुसलेम यात्रेकरूंनी भरलेलं असताना येशूला क्रूसावर खिळण्यात आलं. मत्तय, मार्क आणि लूक सांगतात की आदल्या रात्रीचं शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन होतं. योहानाच्या मांडणीत तयारीचा तो दिवस, जेव्हा मंदिरात कोकरं कापली जात, त्याच दिवशी येशू क्रूसावर आहे. हिशेबात एका दिवसाचा फरक पडतो, पण शुक्रवार आणि वल्हांडण यांवर चौघांचं एकमत आहे. त्या दुपारी तीन तास अंधार पडला, असं शुभवर्तमानं सांगतात. ते सूर्यग्रहण असणं शक्यच नव्हतं. सूर्यग्रहण अमावास्येला होतं, आणि हे तर पौर्णिमेचे दिवस. ही गोष्ट ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकातच लिहून ठेवली आहे.

मग येते रविवारची पहाट. इथे मला दर वेळी थबकायला होतं, कारण प्रत्यक्ष पुनरुत्थानाचा क्षण चारही शुभवर्तमानांत कुठेच रंगवलेला नाही. तो कुणी पाहिलाच नाही. दिसते ती फक्त रिकामी कबर, आणि तिथे सर्वांत आधी पोहोचतात स्त्रिया. मार्कच्या कथेत त्या सुगंधी द्रव्यं घेऊन निघतात आणि कबरीच्या तोंडावरची धोंड कोण सरकवून देईल, याची वाटेत चिंता करतात. लूक सांगतो की त्यांची हकीकत प्रेषितांना निव्वळ बडबड वाटली. योहानाच्या कथेत मग्दालिया मरीया समोर उभ्या असलेल्या येशूला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा कुठे ओळख पटते. आणि मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत शेवट होतो तो थरथरत कबरीपासून पळणाऱ्या, भीतीने कुणालाही काही न सांगणाऱ्या स्त्रियांवर. एवढ्या आनंदाच्या सणाच्या मुळाशी असलेली ही प्रामाणिक भीती मला विलक्षण वाटते.

सण पौर्णिमेला करायचा की रविवारी? दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधले ख्रिस्ती लोक वार न पाहता चौदावी तिथी पाळत, तर रोममध्ये रविवारच. स्मुर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यासाठी रोमला गेले, तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी बोलले. मतं जुळली नाहीत, तरी दोघांनी एकत्र उपासना केली आणि सलोख्याने निरोप घेतला. पुढे ३२५ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असं ठरवलं, आणि हळूहळू नियम पक्का झाला: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार.

त्यासाठी कोष्टकं लागली. ५२५ साली रोममध्ये डायोनिशियस एक्झिगुअस नावाचा संन्यासी अशी कोष्टकं करायला बसला. अलेक्झांड्रियाच्या जुन्या कोष्टकांत वर्षं मोजली जात ती ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या डायोक्लेशियन या सम्राटापासून. त्या नावाची आठवण चालवायची नाही म्हणून त्याने वर्षं येशूच्या जन्मापासून मोजली. आज आपण चेकवर, जन्मदाखल्यावर जो सन लिहितो, तो ईस्टरच्या कोष्टकातून आलेला आहे!

पण तेव्हाच्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं होतं. सोळाव्या शतकापर्यंत त्या मिनिटांचे दहा दिवस साचले आणि वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याचा क्षण, २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळले: गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर. पुढे १६५५ मध्ये बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने सुमारे २७ मीटर उंचीवर छताला भोक ठेवलं आणि फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची रेषा आखली. भर दुपारी सूर्याचा कवडसा त्या रेषेवरून सरकतो, आणि त्यावरून संपाताचा क्षण मोजता येतो. गॅलिलिओला शिक्षा होऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती, आणि ईस्टरची तारीख बिनचूक हवी म्हणून चर्चचीच इमारत वेधशाळा झाली.

सणाच्या चालीरीतीही याच चंद्रावरून ठरतात. ईस्टरच्या ४६ दिवस आधी, उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार येतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात. त्याआधीचे चार दिवस गोव्याचा कार्निव्हल, म्हणजे पणजीत किंग मोमोची मिरवणूक कधी निघणार, हेही ही पौर्णिमाच ठरवते. उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य होती, पण कोंबड्या अंडी घालतच होत्या. ती साठलेली अंडी सणाच्या ताटात आली. ग्रीसमध्ये ती लाल रंगवून एकमेकांवर आपटतात आणि ख्रिस्त उठल्याची ग्वाही देतात. पवित्र शनिवारच्या रात्री वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये दिवे मालवले जातात, बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा, ओमेगा आणि चालू सनाचे चार आकडे कोरलेले असतात. डायोनिशियसचा हिशेब असा दर वर्षी मेणात उतरतो.

चर्च डोळ्यांना दिसणारा नव्हे, कोष्टकातला चंद्र धरतं. २०१९ मध्ये आकाशात पौर्णिमा २१ मार्चला होती, कोष्टकात मात्र २० मार्चला. त्या एका दिवसाने ईस्टर थेट २१ एप्रिलवर गेला. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च अजून ज्युलियन गणित पाळतात, म्हणून २०२४ मध्ये त्यांचा सण पाच आठवडे उशिरा आला, आणि २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, २० एप्रिलला. ग्रेगरीच्या कोष्टकातल्या तारखांचं संपूर्ण चक्र फिरायला ५७ लाख वर्षं लागतात, पण त्यातलं एक वर्ष काढायला भिंतीवरचं कॅलेंडर बहुतेक वेळा पुरतं. २०२७चं घ्या: २१ मार्चनंतरची पहिली पौर्णिमा सोमवारी, २२ तारखेला. पुढचा रविवार २८ मार्च, आणि तोच ईस्टर.