आधी कोण, मग कोण?

बँकेतली नोकरी संपून काही वर्षे झाली. पण तिन्हीसांजेला दिवे गेले, की धुळ्याच्या शाखेतली एक संध्याकाळ अजून आठवते.

१९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांना संगणकाची वाट दाखवली. आमच्या शाखेत तो १९९० नंतर आला. शिकवायला आलेला मुलगा बजावून सांगे, सकाळी आधी सर्व्हर, मग खात्यांचा डेटाबेस, त्यावर बँकेचा प्रोग्रॅम आणि शेवटी काउंटर. बंद करताना नेमके उलट. नवे काम घेणे थांबवा, हातातले पुरे करा, मग एकेक पायरी उतरा.

आम्ही हसलो. तिजोरी उघडल्याशिवाय कॅशियरला रोकड मिळत नाही आणि रोकड जुळल्याशिवाय तिजोरीला कुलूप लागत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायचे?

त्या दिवशी वीज गेली, यूपीएस ओरडू लागला आणि घाबरून मीच थेट सर्व्हर बंद केला. काउंटरवर तेव्हा पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याचे कापसाचे पैसे जमा होत होते. शिक्क्याची पावती त्याच्या हातात, खात्यात मात्र नोंद नाही! लेकीचे लग्न तोंडावर आलेले. "साहेब, मना पैसा शेतस ना?" त्याने विचारले. रात्री अकरापर्यंत एकेक व्हाउचर ताडून नोंद पुरी केली. तोवर तो बाकावर बसून होता.

परवा मुलगा सुट्टीला जळगावला आला होता. "बाबा, कोण कोणावर अवलंबून, एवढे आम्ही लिहून देतो, क्रम सॉफ्टवेअरच सांभाळते," म्हणाला.

मी म्हटले, "लिहिताना बाकावरचा माणूस आठव, म्हणजे झाले."